हेनने मेदान निवडलं

आमच्या गावात मूल पालथं पडायला लागलं की त्याला गुदगुल्या करत विचारतात, "कुठं जाणार रे तू? जाकार्ता की पकानबारू?" मूल हसतं, घरचे हसतात. मुलगा विशीत आला की तोच प्रश्न पुन्हा येतो, पण तेव्हा गुदगुल्या नसतात. आमच्याकडे शेत आणि घर मुलींकडे जातं. मुलग्यांनी शहर निवडायचं. जो निवडत नाही तो कॉफीच्या टपरीवर डॉमिनो खेळत बसतो, आणि येणारे-जाणारे त्याच्या आईची विचारपूस जरा जास्तच मायेने करतात.

आमच्या समोरच्या रोस्निदारचा युलहेन्द्री, सगळ्यांचा हेन, बावीस उलटली तरी गावातच होता. मी त्याला चौथीत शिकवलं. धावण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे, त्यामुळे खेळाच्या तासाला दोन्ही संघ त्याला आपल्याकडे बोलवत. हा मधोमध उभा.

"जा ना बाळा कुठे तरी," मी म्हणायचे.

"तुम्हीच सांगा बाई. ज्यांच्याकडे नाही गेलो त्यांना वाईट वाटेल."

तो आळशी नव्हता, भित्राही नव्हता. ज्याला नाही म्हणायचं त्याचा चेहरा त्याला आधी दिसायचा, एवढंच.

खरं म्हणजे त्याला शहर निवडावं लागणारच नव्हतं. जाकार्ता ठरलेलं होतं. तिथे त्याचा मामा होता, बख्तियार, रोस्निदारचा धाकटा भाऊ. कपड्यांच्या मोठ्या बाजारात त्याचं शर्टांचं दुकान होतं. हेनची शाळा, हेनची सुंता, हेनची पहिली सायकल, सगळं मामाने केलं होतं, आणि ते योग्यच होतं. भाच्याला मार्गी लावतो तो मामा. मामाला एक मुलगीही होती, हेनपेक्षा तीन-चार वर्षांनी लहान. तिच्याबद्दल उघड कुणी बोलत नसे, कारण बोलायची गरज नव्हती.

आणि बाप? आमच्याकडे बाप बायकोच्या घरी पाहुण्यासारखा असतो. त्याला चांगली चटई मिळते, माशाचा चांगला तुकडा मिळतो, पण घरातल्या बोलण्यात त्याचा शब्द धरत नाहीत. हेनचा बाप मार्योहान बूट शिवायचा. हेन सहा वर्षांचा असताना, आणि धाकटी देस्मी रांगत असताना, तो मेदानला गेला. जाताना मुलाच्या पायाचं माप सुतळीने घेऊन गेला. पहिल्या ईदला बूट आले, कुणाच्या तरी हाती. दुसऱ्या ईदलाही आले, पण ते जुन्या मापाचे होते. हेनने ते दिवसभर घालून मिरवले आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून टाचा चोळल्या. नंतर काहीच आलं नाही. पुढे रोस्निदारने काझीकडे जाऊन आपली सुटका करून घेतली. पाहुणा उठून गेला तर त्याच्या मागे माणूस पाठवायची आमच्यात रीत नाही.

त्या वर्षी रमजानच्या आधी साहिरुद्दीन मेदानहून परत आला. तो कोबीचा ट्रक चालवायचा आणि टपरीवर बसला की चार शहरांच्या गोष्टी एका कपात सांगायचा. मी तळलेली केळी घ्यायला गेले होते, म्हणून मी ते सगळं ऐकलं.

"हेन, अजून इथंच?" तो म्हणाला. "अंडी उबवतोयस काय?"

"ईदनंतर निघतोय, साहिरकाका. मामा येणार आहे न्यायला."

"न्यायला! बावीस वर्षांच्या घोड्याला न्यायला मामा येणार." सगळे हसले. साहिरुद्दीनने कॉफी ढवळली आणि त्याचा आवाज बदलला. "तुझा बाप भेटला मला. बाजाराच्या जिन्याखाली बसतो. बुटांचे तळवे चिकटवतो. दम लागतो त्याला, त्या डिंकाच्या वासाने फुप्फुसं गेलीत. एकटाच आहे. दुसरं लग्न केलंय असं म्हणतात ते सगळं खोटं."

डॉमिनो थांबले.

"काही म्हणाले?" हेनने विचारलं.

"म्हणाला, 'आमचा हेन कुठं जाणार ठरलं का?' मी म्हटलं, जाकार्ता. तर म्हणाला, 'चांगलं आहे. जाकार्ताच चांगलं.'"

हेन उठला आणि घरी गेला. त्याच्या पुढ्यातली केळी तशीच राहिली.

ईदला बख्तियार आला. भाच्यासाठी नवी बॅग आणि जवळच्या बुकित्तिंगीहून सुटणाऱ्या बसची दोन तिकिटं घेऊन आला. दुपारच्या जेवणाला रोस्निदारने मलाही बोलावलं होतं. मांस दोन दिवस नारळाच्या दुधात शिजून काळं झालं होतं, तिच्या हातचं रेंडांग गावात नावाजलेलं. जेवण संपता संपता हेन म्हणाला, "मामा, मी मेदानला जातो."

बख्तियारने आधी ऐकलंच नाही असं दाखवलं. पाणी प्यायला. मग म्हणाला, "मेदानला काय आहे?"

"बाबा आहेत."

"तो पाहुणा होता, हेन. गेला. पाहुण्याला शोधत कुणी फिरतं?"

"ते आजारी आहेत."

"त्याला बहिणी आहेत, त्याचं कूळ आहे. ते बघतील. तुझं कूळ इथं बसलंय, तुझ्यासमोर. उद्या देस्मीचं लग्न होईल, पोरं होतील. त्यांचा मामा कोण? मी? माझे गुडघे बघितलेस?" त्याने गुडघ्यावर थापटलं. तो चिडला होता, पण त्याहून जास्त दुखावला होता. "मी तुला आयुष्यात कधी काही कमी केलं?"

"नाही मामा."

"मग?"

हेन खेळाच्या तासाला उभा राहायचा तसाच बसला होता. फरक इतकाच की या वेळी तो एका बाजूला गेलेला होता.

ते सगळं घरात मिटलं असतं. पण बख्तियार संध्याकाळी टपरीवर गेला आणि राग तिथे सांडला. हेन त्याला घरी बोलवायला गेला, तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "जा. पण असं करू नकोस की गेलास आणि तूही तिथलाच झालास. त्या घरातून मेदानला गेलेला माणूस अजून परत यायचाय."

"मी येईन," हेन म्हणाला. "बाबांना घेऊनच येईन. त्यांच्याशिवाय या गावात पाय ठेवणार नाही."

कुणीतरी "वा!" म्हणालं. साहिरुद्दीनने टेबलावर थाप मारली. ऐकायला ते फार छान वाटलं होतं. मी नंतर पुष्कळदा विचार केला, की तेव्हा तिथल्या एका तरी शहाण्या माणसाने त्याला म्हणायला हवं होतं, बाळ, हे शब्द मागे घे. पण आमची माणसं अशा शब्दांवर खूष होतात.

बख्तियार ठरल्या दिवशी दक्षिणेच्या बसने गेला, शेजारची जागा रिकामी ठेवून. हेन दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या बसमध्ये बसला. रोस्निदारने केळीच्या पानात बांधलेलं रेंडांग त्याच्या मांडीवर ठेवलं.

"ईदला येशील ना?"

"येणार म्हणजे येणार. दोघं येऊ."

"दोघं नको," ती म्हणाली. "तू ये."

बसचं इंजिन सुरू होतं. त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

मोबाइल घरोघरी यायच्या आधीची ही गोष्ट. टपरीवर एक फोन होता. हेन महिन्यातून एकदा फोन करायचा, आणि टपरीवाला रस्त्यावरून ओरडायचा, "रोस्निदार! मेदान!" ती ओल्या हाताने धावत जायची. बाबा सापडले. बाबांना फार चालवत नाही. बाबांची जागा आता मी सांभाळतो. बाबा म्हणतात, रिकाम्या हाताने गावात कसं जायचं, जरा जमू दे. पहिली ईद गेली. देस्मीचं लग्न झालं. भावाच्या जागी बख्तियार उभा राहिला, काठी टेकून. नवरदेवाच्या घरच्यांनी दोनदा विचारलं, मुलीचा भाऊ कुठंय? जाकार्तातल्या मामाच्या मुलीचंही लग्न ठरल्याचं आम्हाला त्याच मांडवात कळलं. दर ईदला रोस्निदार हेनच्या वाटणीचं रेंडांग वेगळ्या डब्यात काढून ठेवायची. ते महिनाभर टिकतं. महिन्यानंतर ती तो डबा माझ्याकडे पाठवायची, आणि मी ते खायचे.

पुढे माझ्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन मेदानला ठरलं आणि मी तिच्या सोबतीला गेले. दवाखान्यातून वेळ काढून मी तो बाजार शोधला. जिन्याखाली अंधार होता, दिवसाही बल्ब लागलेला. हेन खाली मान घालून बुटाच्या तळव्याला डिंक लावत होता. मी हाक मारली. त्याने मान वर केली आणि मला वाटलं मार्योहानच बघतोय माझ्याकडे, इतका तो बापासारखा झाला होता. वय अजून तिशीच्याही आत.

"बाई!" तो धडपडत उठला. स्टूल पुसलं, समोरच्या पोऱ्याला चहा सांगितला, आणि मग त्याला काय करावं कळेना.

"बाबा कुठं आहेत?"

त्याने हातातला ब्रश डब्यात ठेवला. "गेले, बाई. वर्ष होऊन गेलं. सकाळी गेले. मशिदीतल्या लोकांनी दुपारच्या नमाजानंतर इथंच दफन केलं."

मी त्याचा हात धरला. डिंकाने बोटं खरखरीत झाली होती. मी म्हटलं, "मग आता तुला इथं काय आहे?"

"काही नाही."

"तर चल ना. माझ्याबरोबर चल. बसमध्ये जागा आहे."

"कसा येऊ?" तो अगदी साधेपणाने म्हणाला. "बाबांना घेऊनच येईन म्हणालो होतो. सगळ्यांसमोर. मामासमोर. आता कुणाला घेऊन येऊ?"

"अरे, ते बोलणं कोण धरून बसलंय!"

"सगळे. साहिरकाका गेल्या वर्षी येऊन गेले, तेव्हा मी या खांबामागे लपलो. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, 'बापाला घेऊन जाणार होता तो पोरगा इथंच का?' हसत विचारलं, वाईट नाही. पण विचारलं." त्याने बोटांवरचा डिंक खरवडला. "बाबाही असंच म्हणायचे, बाई. 'बूट घेऊन येतो म्हणालो होतो, बूट जमेनात.' तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता येत नाही."

निघताना त्याने एका पिशवीत चपला दिल्या, आईसाठी. पट्टे मऊ, टाके एकसारखे; हात चांगला बसला होता त्याचा. "आईला सांगा, बाबांची तब्येत सुधारतेय. पूर्ण सुधारली की आम्ही दोघं येऊ."

"हेन!"

"सांगा ना, बाई. नाही तर मी का येत नाही, हे तिला काय सांगणार?"

परत आले त्या दिवशी रोस्निदार ओसरीवर नातवाला तेल लावत बसली होती. देस्मीचं पहिलं बाळ, पाच महिन्यांचं, नुकतंच पालथं पडायला लागलेलं. मी चपला दिल्या आणि जे सांगायला सांगितलं होतं ते सांगितलं. तब्येत सुधारतेय. सुधारली की दोघं येतील. तिने मला मध्येच थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं, बाळाच्या पाठीवरून हात फिरवत.

मग म्हणाली, "मार्योहानच्या बहिणीकडे तो गेल्याचा निरोप आला होता, बाई. गेल्या वर्षीच. त्यांच्या गावी दुआ झाली, मी मागे बसून आले."

मी ओसरीवर तिच्या शेजारी टेकले.

"मला वाटलं, आता येईल. आता तिथं कोण आहे त्याला धरून ठेवायला? दर महिन्याला फोन यायचा. मी म्हणायचे, बाबा कसे आहेत? तो म्हणायचा, बरे आहेत. मी म्हणायचे, बरं. एकदा तरी खरं सांगेल, मग म्हणेन, ये. पण तो सांगतच नाही. आणि मला माहीत आहे असं सांगितलं, तर फोनही बंद करेल."

तिने चपला पायात घालून बघितल्या. अगदी नेमक्या बसल्या. तिने त्या काढल्या, तळवे एकमेकांना लावून पिशवीत ठेवल्या आणि पिशवी दाराआड टांगली. तिथून ती पुढे कधी उतरलेली मी पाहिली नाही.

तेवढ्यात देस्मीचा नवरा शेतातून आला. भला माणूस, हसरा. हातपाय धुऊन त्याने बाळाला उचललं, पोटात नाक खुपसलं आणि आपल्याकडे सगळे विचारतात तसं विचारलं, "कुठं जाणार रे आमचा राजा? जाकार्ता की मेदान?"

बाळ खिदळलं. रोस्निदार उठली, तिने जावयाच्या हातातून मूल काढून घेतलं, आणि ते जणू उत्तर देणार होतं अशा तऱ्हेने त्याच्या तोंडावर आपला तेलकट तळवा ठेवला.