मोगऱ्याची पुरचुंडी

वाशीमच्या बाहेर नाल्याकाठी नानाजी माळ्याचा मळा होता. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि दोन वाफे मोगरा. नानाजीनं आणि त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, मिशनात बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून निम्मी गिऱ्हाइकं तुटली. शेजारच्या शेतातली मनकर्णाबाई भाजी घ्यायची, पण मळ्याच्या काटेरी कुपाबाहेर उभी राहून, विटाळ नको म्हणून भाजीवर पाणी शिंपडून. "तुह्या देवाले राग येऊ देजो नको," एवढं मात्र दर खेपेला सांगायची.

त्या वैशाखात पंचफुलाची वीस दिवसांची लेक तापानं गेली. लेकरू गेलं, पण दुधाला कोण सांगणार? ते आपलं वेळेवर यायचंच. छाती दगडासारखी व्हायची, चोळी भिजायची. सासूनं, गोजराबाईनं, बायका करतात तेच केलं. मोगऱ्याच्या कळ्या फडक्यात घालून छातीला घट्ट बांधल्या. त्यानं दूध आटतं.

उपदेशक शालिग्रामगुरुजी समाचाराला आले. म्हणाले, "पंचफुला, यात प्रभूची काही योजना असन."

"मंग त्याले म्हणा, योजना दुसऱ्याच्या घरी कर."

गुरुजी गूळपाणी पिऊन उठले.

तिनं देव सोडला नव्हता. नवऱ्याशी बिनसल्यावर बाई ताट वाढते पण बोलत नाही, तसं तिचं चाललं होतं.

लेक गेल्याच्या पाचव्या दिवशी भर दुपारी कुपाबाहेर मनकर्णाबाई दिसली. हातात टोपली नव्हती, फडक्यात गुंडाळलेला नातू होता. सून बाळंतपणातच गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"भाजी नाही तोडली आज," पंचफुला म्हणाली.

"भाजी कोण मांगून राह्यलं? बकरीचं दूध पचत नाही याले. आता तं रडाचंबी सोडलं यानं." म्हातारीनं फडकं बाजूला करून पोर पुढं धरलं.

पंचफुलाच्या मनात पहिलं आलं ते काही चांगलं नव्हतं. माही गेली, मंग यानंच काहून वाचावं? पण पोराचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"उन्हात कायले उभी हायेस वं माय?" ती म्हणाली. "आत ये."

मनकर्णाबाई कुपाच्या आत आली. पंचफुलानं पुरचुंडी सोडली. कळ्या पिवळ्या पडल्या होत्या, आणि दूधही आटलं होतं. पोर ओढायचं, थकायचं, पुन्हा ओढायचं. सारं कोरडं. तेव्हा पाच दिवसांनी ती देवाशी बोलली.

"येशूबाप्पा, माही लेक परत नाही मांगत. याच्यापुरतं दे."

आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली. रडता रडता छातीत कळ आली. पोर गुटगुट गिळू लागलं.

मनकर्णाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "घोटभर पाणी दे वं," ती गोजराबाईला म्हणाली, आणि त्यांच्याच माठातलं पाणी तांब्याला तोंड लावून प्याली.

रविवारी गुरुजींनी पंचफुलाला गाठलं. "पाह्यलं? योजना."

"नाही जी. याच्यासाठी माही लेक नेली म्हणसान, तं मी उपासनेले येणार नाही. देवाचंबी पोरगं वधस्तंभावर गेलं. त्याले माह्यं दुखणं समजलं, अन् त्यानं ते वाया जाऊ देलं नाही. एवढंच."

गुरुजींनी त्या दिवशी उपदेश आखूड केला. पंचफुलाला घाई होती. मनकर्णाबाई पोराला घेऊन वाट पाहत बसली असणार, कुपाच्या आतल्या अंगाला.