बोअरवाल्या अक्का

इंजिनच्या ब्लॉकमध्ये हात घालताना अक्का डोळे मिटून घ्यायच्या. सिलिंडरच्या आतून दोनदा बोट फिरवायच्या आणि मगच मोजायचं गेज हातात घ्यायच्या. बोटाला काय कळलं ते कधी सांगत नसत. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "बोट माझं हाय सर, ते माझ्याच बाजूनं बोलणार. गेज कुणाच्याच बाजूनं न्हाई."

उदगीरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं मशीन शॉप होतं. झिजलेल्या इंजिनाचे सिलिंडर आतून कापून नव्या पिस्टनच्या मापाला आणायचे, म्हणजे बोअर करायचे, हे त्यांचं काम. नवरा वारल्यावर लोकांना वाटलं, आता ही बाई मशिनी विकणार. त्यांनी विकल्या नाहीत. पदर मशीनमध्ये अडकू नये म्हणून साडीवरून नवऱ्याचा खाकी शर्ट चढवला, कपाळाला विभूती लावली आणि कामाला उभ्या राहिल्या. मी गेलो तेव्हा त्याला बारा वर्षं झाली होती.

माझी बायको शैला जाऊन चार महिने झाले होते. मी नांदेडला शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. अंगणात आमची जुनी अँबेसेडर उभी होती, तिचं इंजिन कामातून गेलेलं. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, भंगारात देऊन टाका." मी म्हणालो, "इंजिन करून घेऊ." का म्हणालो, ते आजही नीट सांगता येत नाही. त्या दिवसांत मला काही वाटतच नव्हतं. स्वयंपाकाच्या बाईंनी ताट वाढलं की जेवायचो, उचललं की उठायचो. लोक भेटायला येत, त्यांचे डोळे भरून येत, आणि मी त्यांना पाणी आणून देई.

गावातली तीन दुकानं पालथी घातली. एकाने ब्लॉककडे न बघताच "उद्या घेऊन जा" म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, जुन्या गाडीला एवढं कशाला बघता. तिसऱ्याच्या दारात कुणाचे तरी ब्लॉक गंजत पडले होते, ते बघून मीच परत फिरलो. शेवटी कंधारच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी पत्ता दिला. "उदगीरला जावा. तिथं बाई हाय म्हणून माघारी फिरू नका," एवढं मात्र बजावलं.

पहिल्या भेटीत अक्कांनी विचारलं, "पिस्टन आणले?"

"नाही. आधी बोअर करून घ्यावं म्हटलं."

"मग ब्लॉक ठेवून जावा. पिस्टन हातात आल्याबिगर मी कापत न्हाई. डब्यावर लिहिलेलं माप आन आतलं माप एकच असतंय असं न्हाई."

कधी होईल विचारलं तर म्हणाल्या, "तारीख देत न्हाई. झालं की फोन करते."

पिस्टन नेऊन दिल्यावरही मी दर आठवड्याला एस.टी.नं उदगीरला जात राहिलो. गरज काहीच नव्हती. शेडमध्ये एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर बसायचो. एकदाच त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण?" मी म्हणालो, "मीच." त्यांनी मान हलवली, चहा सांगितला आणि परत कामाला लागल्या. सांत्वन न करणारं माणूस मला तेव्हा तेवढं एकच माहीत होतं.

एके दिवशी सकाळी दार वाजलं. अक्का उभ्या होत्या. पहिल्या गाडीने नांदेडला आल्या होत्या. बसल्याही नाहीत.

"सर, चौथा सिलिंडर माझ्या हातून जास्त कापला गेला. केसाएवढा. फोनवर सांगायची गोष्ट न्हाई म्हणून आले."

"कसं काय झालं?"

"कारण सांगत न्हाई. कारण सांगितलं की चूक लहान वाटाय लागते." मग म्हणाल्या, "त्यात आतून नवी नळी बसवावी लागंल, स्लीव्ह म्हणतेत. ते मी करते. पण तुम्हाला दुसरीकडं न्यायचा असंल तर ब्लॉक बांधून ठेवलाय."

मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं."

"हाव. वर्षभर गाडी झकास चालली असती. मग तेल प्यायला लागली असती, आन तुम्ही म्हणाला असता, जुनीच गाडी हाय, चालायचंच."

जिना चढताना शैलाला धाप लागायची. ती दोनतीनदा म्हणाली होती आणि मी म्हणालो होतो, वय झालं आता, चालायचंच. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या सकाळी अक्कांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तुमचा काय दोष, असं काही म्हणाल्या नाहीत. मग विचारलं, "ब्लॉक ठेवू का माझ्याकडं?"

"ठेवा," मी म्हणालो.

इंजिन उत्तम झालं. त्यानंतर दीडेक वर्षाने अक्कांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण गेजवरचे बारीक आकडे पहिल्यासारखे दिसेनात. त्यांनी काम थांबवलं. गिऱ्हाइकं म्हणाली, तुमच्या बोटालाच कळतंय की. त्या म्हणाल्या, "दिसलं न्हाई ते मोजलं म्हणून कसं सांगू?" मशिनी विकल्या आणि लेकीकडे बीदरला राहायला जायचं ठरवलं. मी फोन करून सांगितलं, तुम्हाला मी सोडतो.

त्या पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर कापडी पिशवी. वाटेत गप्पा अशा झाल्याच नाहीत. त्या इंजिन ऐकत होत्या. चढावर मी गिअर टाकायला उशीर केला, तेव्हा फक्त म्हणाल्या, "टाका आता." बीदरला लेक दारात उभीच होती. अक्का उतरल्या, बॉनेटवर तळहात टेकवून थोडा वेळ थांबल्या. "पाणी बघत जावा," म्हणाल्या आणि लेकीचा हात धरून आत गेल्या.

मी गाडी वळवली. गावाबाहेर आल्यावर सवयीने डावीकडे बघितलं. सीट रिकामी होती. अक्का बसल्या तेवढा वेळ सोडला तर शैला गेल्यापासून ती रिकामीच होती, रोज माझ्या डोळ्यांसमोर होती. त्या दिवशी मात्र ती बघून डोळे असे भरून आले की गाडी बाजूला घ्यावी लागली. इंजिन बंद केलं नाही. ते चालू होतं, एका लयीत, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसून राहिलो.