सिंधुबाईंच्या नावावरची गाठ

ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं फिटरचं काम केलेल्या गोरक्षच्या तोंडात ‘बायकी’ हा शब्द कायम असायचा. कुणी पाठ दुखते म्हणालं, की हा त्याला बायकी ठरवून मोकळा. अशा गड्याला स्तनाचा कॅन्सर झाला. पुरुषांनाही होतो, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, पण गोरक्षची मान वर झाली नाही.

गाठ काढली. तिचा मेणात जपलेला तुकडा देऊन डॉक्टरांनी त्याला नाशिकमधल्या एका लॅबमध्ये पाठवलं. पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन वाजवीपेक्षा जास्त निघालं, तर नेमकं त्यालाच धरणारं इंजेक्शन देता येणार होतं. खिडकीत बसली होती गावातलीच उज्वला.

“मामा, कोणाचं हाय?”

तुकड्यावर नुसता नंबर होता. “तुझ्या मामीचं,” गोरक्ष बोलून गेला, आणि फॉर्मवर त्याच्या बायकोचं, सिंधुबाईंचं नाव पडलं.

उज्वलाने ते फक्त आईला सांगितलं; गावाला तेवढं पुरलं. बायका पपई, डाळिंबं घेऊन सिंधुबाईंना भेटायला येऊ लागल्या. “राहू द्या माझ्यावर,” त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि पदर सावरून बायकांपुढे बसल्या. गोरक्षने राहू दिलं. याची त्याला फार लाज वाटे.

रिपोर्ट आला. प्रथिन भरपूर होतं. डॉक्टर खूश झाले, मग नाव वाचून त्यांनी कागद खाली ठेवला. “बायकोच्या रिपोर्टवर तुम्हाला इंजेक्शन देता येणार नाही. लॅबमध्ये जाऊन खरं सांगा, तपासणी पुन्हा करून घ्या. उशीर करू नका.”

चार दिवस तो रोज निघाला आणि नाशिकच्या द्वारका चौकातून परत फिरला.

पाचव्या दिवशी तो चपला घालत होता, तेवढ्यात शेजारची भागीबाई अंगारा घेऊन आली. “सिंधू, कुठं कापलं ते दाखव, तिथं लावते.” सिंधुबाईंनी पदर घट्ट धरला आणि खाली पाहिलं. भागीबाई हट्टाला पेटली, पदराला हात घालू लागली.

गोरक्षने शर्टाची बटणं काढली. “भागीबाई, इकडं लावा. गाठ माझी हाय. तिला काय बी झालं नाय.”

भागीबाईने टाके पाहिले आणि तोंड फिरवलं. ही वेळ आपण कशीबशी निभावली, असं गोरक्षला वाटलं. पण सिंधुबाई उठल्या, त्याची बटणं लावू लागल्या.

“आता लॅबात जाऊ,” त्या म्हणाल्या, “मी येते संगती. उज्वलाला मीच सांगते, माझं नाव लावा असं मीच तुम्हाला म्हणाले होते.”

लाजेनं गोरक्षला बायकोकडे पाहवेना.