जिना कुठे उतरतो?

टोकियोत आमच्या एदोगावाच्या बिल्डिंगमध्ये आम्ही चौघं चहाला बसलो की विषय एकच, स्पेनची ट्रिप! ट्रिप सहा दिवसांची, पण किस्से इतके साचलेत की कपाट उघडलं की कपडे अंगावर यावेत तसे बाहेर येतात. चौघं म्हणजे मी, माझी बायको मीनल, समोरच्या फ्लॅटमधला केळकर आणि त्याची बायको अनघा. केळकर कावासाकीला आयटीत आहे. अनघा शिकलेली आर्किटेक्ट, पण नवऱ्याच्या पोस्टिंगपायी इथे आली आणि आता कोनबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानाच्या, काउंटरवर पार्टटाइम करते.

*

ट्रिप ठरली तीच भांडून. जानेवारीत सुट्टी जुळली होती. मला समुद्र हवा होता. अनघा म्हणाली, "समुद्र नाही. त्या डोंगरातल्या जुन्या गावात जायचं."

"ऑफ सीझनला? रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसणार नाही!"

"मला कुत्रं बघायचंच नाहीये. जिना बघायचाय."

मग उलगडा झाला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिने त्या गावातल्या एका घरावर प्रोजेक्ट केलं होतं, एका जुन्या फोटोवरून. वरच्या लाकडी गॅलरीच्या कोपऱ्यातून एक अरुंद जिना खाली जातो, आणि तिथेच फोटो संपतो. परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, "बाई, हा जिना उतरतो कुठे?" सगळे हसले. एकोणीस वर्षं झाली, बाईसाहेब अजून उत्तर शोधतायत!

*

गावाकडे जाणारी बस वीस मिनिटं लेट आली. केळकर दहा वर्षं जपानात, दोन मिनिटं उशीर झाला तरी त्याचा चेहरा पडतो. बस थांबल्या थांबल्या हा ड्रायव्हरसमोर उभा. "लेट सर्टिफिकेट द्या!"

आमच्याकडे ट्रेन लेट झाली की स्टेशनवर तशी चिठ्ठी मिळते, ऑफिसात दाखवायला.

"अरे, तू सुट्टीवर आहेस. दाखवणार कुणाला?" मी विचारलं.

"ते नंतर बघू. मिळायला पाहिजे!"

ड्रायव्हरला इंग्रजीचा गंध नाही. त्याला वाटलं, लांबून आलाय, भुकेला असेल. त्याने खिशातून एक संत्रं काढून याच्या हातावर ठेवलं. केळकरने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कमरेत वाकून आभार मानले!

*

त्या संत्र्याची सालं मीनलच्या पर्समध्ये दोन दिवस फिरली. कचराकुंड्या ढीगभर होत्या, पण जपानच्या सवयीने जळणाऱ्या कचऱ्याची कुठली आणि न जळणाऱ्याची कुठली, हे हिला कळेना.

"चुकीच्या डब्यात पडलं तर?"

"तर काय, शेजारीण दारावर चिठ्ठी लावेल?"

एदोगावात लावली होती एकदा, म्हणून मी तसं म्हणालो. त्यावर हिने पर्सची चेन खाडकन लावली. शेवटी सालं घेऊन थेट हॉटेलच्या मालकासमोर गेली आणि खुणेने विचारलं, "कुठे टाकू?" त्याने सालं उचलली आणि सरळ शेकोटीत टाकली.

"बघ," मीनल माझ्याकडे वळून म्हणाली, "जळणारा!"

*

गाव सुंदर होतं, पण बंद होतं. दगडी कमानी, लाकडी सज्जे आणि जिकडे तिकडे कुलपं. हॉटेलच्या मालकाने फोनवर भाषांतर करून सांगितलं, "त्या घरात म्हातारी एकटी राहते. हिवाळ्यात कुणाला आत घेत नाही. मार्चमध्ये या."

"मार्चमध्ये मला सुट्टी नाही," अनघा म्हणाली आणि चालू पडली.

पहिल्या दिवशी बेल वाजवली. वरची खिडकी उघडली, बंद झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. माझी बोटं गारठली होती, मी बोलून गेलो, "एका जिन्यापायी केवढा हा हट्ट! परीक्षा कधीच संपली."

"तुमची संपली असेल," अनघा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला आर्किटेक्ट म्हणून विचारलेला तो शेवटचा प्रश्न होता. त्यानंतर कुणी काही विचारलंच नाही."

मला खरंच लाज वाटली.

*

तिसऱ्या दिवशी बारा दहाची बस होती. ती चुकली की विमान चुकणार. अनघा साडेदहालाच त्या दारासमोर. बर्फ भुरभुरत होतं. या वेळी तिने बेल वाजवल्यावर कॉलेजातलं ड्रॉइंग उलगडलं, अर्धं काढलेलं, अर्धं कोरं, आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. खिडकी उघडली. म्हातारीने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग खाली कुलूप वाजलं!

अनघाने काय करावं? सवयीप्रमाणे दाराच्या आत बूट काढले, टोकं बाहेरच्या बाजूला वळवून नीट ठेवले आणि त्या थंडगार फरशीवर मोज्यांनी उभी राहिली. म्हातारीने कपाळाला हात लावला, कुठूनशा चौकड्यांच्या भल्यामोठ्या सपाता आणून तिच्या पायात घातल्या आणि दार लावून घेतलं.

अकरा वाजले. साडेअकरा. बारा.

"बस इथे लेटच येते," मीनल म्हणाली.

"आज नेमकी वेळेवर येईल!" केळकर दार बडवत होता. आतून ना चाहूल, ना आवाज.

तेवढ्यात मागून हाक आली. आम्ही दाराला डोळे लावून बसलोय, आणि बाईसाहेब घराला वळसा घालून पळत येतायत! केसांत बर्फ, बगलेत ड्रॉइंग, पायात त्या सपाता फटाक फटाक वाजतायत.

"अगं, बूट कुठे?" केळकर ओरडला.

अनघा हसत होती आणि रडतही होती.

"जिना मागच्या गल्लीत उतरतो!"