मागच्या पडवीतली बाई

डिचोलीजवळच्या एका गावातली ती गणेश चवथ माझ्या मनातून गेलेली नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले, खुनाचेही. पण जुनी केस सांगा म्हटले की आधी हीच पुढे येते. नावे कोणाचीच घेणार नाही. त्या घरात आता नातवंडे नांदत आहेत.

गोवा राज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती. भिंतींवरच्या कोकणी-मराठी वादाच्या घोषणा अजून पुसट वाचता येत. एका बाबतीत मात्र दोन्ही बाजूंचे एकमत होते. गावात काही हरवले की ते 'भायल्यांनी' नेले. भायले म्हणजे खाणीवर आलेले मजूर. त्यांतले बरेचसे दोडामार्ग, सावंतवाडीकडचे. हद्द ओलांडली की तेच देव, तीच पेज. ठाण्याचीही रीत ठरलेली होती. चोरीची खबर आली की जीप आधी खाणीकडच्या झोपड्यांकडे वळे. ड्रायव्हरला सांगावेही लागत नसे.

चवथीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रकमालक ठाण्यात आला. त्याच्या घरच्या गणपतीच्या गळ्यातला सोन्याचा हार गेला होता. घरी कामाला येणारी मजूर बाई देवाच्या खोलीत शिरताना आपल्या धाकट्या भावाने पाहिली, असे त्याने तक्रारीत लिहून दिले. पाठोपाठ खाणीवरच्या मुकादमाचा फोन आला. "ती बाई गाठोडे बांधून बसली आहे. लवकर या, नाहीतर हद्दीपार जाईल."

मी नवी उपनिरीक्षक होते. बाईची झडती घ्यायला बाई हवी, म्हणून साहेबांनी मला जीपमध्ये घेतले. गाठोडे मीच सोडले. लहान मुलांचे दोन जोड कपडे, अगरबत्ती, नारळ, खाज्याचा पुडा. हार नव्हता.

"पळायची तयारी," साहेब म्हणाले.

"साहेब, चवथीला सिंधुदुर्गातले माणूस गाठोडे बांधतेच," मी म्हणाले.

"मग पहिल्या दिवशी का नाही गेली?"

उत्तर बाईनेच दिले. "सोडूक नाय ओ. पावणे इले, टोपां कोण घासतलो? आज दुपारी जा, म्हणाले."

ती विधवा होती. दोन मुले गावी सासूपाशी. घरचा गणपती पाच दिवसांचा. विसर्जनाआधी पोचायचे, एवढेच तिच्या डोक्यात होते. ठाण्यात तिला एकच प्रश्न तऱ्हेतऱ्हेने विचारला. आवाज चढवला, चहा दिला, परत आवाज चढवला. तिचे उत्तर बदलले नाही.

"माका त्या खोलयेत कोण जावक देतलो? मी घासलेल्या टोपार पण थंय परत पाणी ओततत, मगे आत नेतत. मागल्या पडवेच्या फुडे मी कधी गेलंयच नाय."

"सगळे असेच सांगतात," साहेब म्हणाले आणि अटक दाखवली. कोर्टाने पोलीस कोठडी दिली. कोठडीतून ती बाहेर दिसणाऱ्या प्रत्येकाला विचारी, "दोडामार्गाची गाडी किती वाजता सुटता?"

चौथ्या दिवशी घरच्यांच्या जबान्या घ्यायला मला पाठवले. गणपतीची खोली मोठी होती. वर माटोळी बांधलेली, तिला सुपारीचे घड, काकड्या, रानातली फळे. आदल्या दिवशी पंचांसमोर मी त्या खोलीचा कोपरा न् कोपरा पाहिला होता, मखर हलवून मागेसुद्धा. धाकट्या भावाने जबानी पाठ केल्यासारखी म्हटली. घरचे ट्रक दुरुस्त करायचे गॅरेज तो पाहत असे. थोरली सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माहेर सावंतवाडी. तीही हद्दीपलीकडचीच, पण तिला कोणी भायली म्हणत नव्हते. ती सोन्याने मढून, वाजतगाजत आली होती.

मालकाची आई देवासमोर वाती वळत बसली होती. मी जवळ बसले.

"आये, ती बाई ह्या खोलीत शिरली ना?"

"धाकटो सांगता तर शिरली आसतली."

"मग नंतर शुद्ध कशाने केलीत? भटजींना परत बोलावले?"

"ना गो."

"गोमूत्र शिंपडले? खोली धुतली?"

तिने मान हलवून नाही म्हटले. मी विचारले, "म्हणजे दुपारचा नैवेद्य तसाच दाखवलात?"

म्हातारी एकदम भडकली. "काय उलयतंस गो बाये! विटाळलेल्या खोलयेत मी देवाक नैवेद दाखयतलंय? ती मागल्या दाराचो उंबरो तरी ओलांडता काय!"

बोलून गेल्यावर तिने पदर तोंडाला लावला. दारातली सून आत वळली. धाकटा भाऊ बाहेर जाऊन विनाकारण कुत्र्याला ओरडू लागला.

म्हातारीने खोटे बोलायचे ठरवले असते तर मला काही करता आले नसते. पण मुलगा आणि सोवळे यांत तिच्या तोंडी सोवळे आधी आले. ज्या रिवाजाने त्या बाईला वर्षभर पडवीत ठेवले, तोच तिच्या बाजूचा एकमेव साक्षीदार निघाला. आणि घरातल्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवसापासून माहीत होता. तक्रार लिहिताना मात्र कोणाच्या डोक्यात आला नाही.

मी जबानी लिहून म्हातारीचा अंगठा घेतला. पाचव्या दिवशी सकाळी मालक हार घेऊन ठाण्यात हजर. "मखराच्या मागे पडला होता, साहेब. आमचा गैरसमज झाला."

हाराची एक कडी कानशीने कापलेली होती. मी ती साहेबांना दाखवली.

"घरचा मामला आहे," ते म्हणाले. "सण आहे. वाढवू नका."

केस 'सी समरी'त बंद झाली, म्हणजे तक्रार गैरसमजातून दिलेली. धाकट्या भावावर काहीही आले नाही. बाई सुटली तेव्हा दुपार कलली होती आणि दोडामार्गाची गाडी गेलेली. तिची झोपडी गावातल्या पोरांनी आदल्याच दिवशी पाडली होती. खाणीवरचे ट्रकवाले रोज हद्दीपार जात. तिच्या अटकेची बातमी तिच्याआधी तिच्या गावी पोचली होती.

ती मला म्हणाली, "बाय, एक चिठी देशात? मी चोर नाय म्हणान. सासयेक दाखवूक."

आमच्याकडे अटकेचा पंचनामा होता, झडतीचा होता, जप्तीचा होता. असा कागद नव्हता. साहेबांना विचारले, तर ते म्हणाले, "सुटली ना? मग आणखी काय पाहिजे?" ती गाठोडे डोक्यावर घेऊन चालतच निघाली. पुढे खाणीवर कोणी तिला पाहिले नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी विद्यापीठातली एक संशोधक मुलगी माझ्याकडे आली. बाहेरची माणसे वाढली की गुन्हे वाढतात का, हा तिचा विषय. अटक झालेल्यांत परप्रांतीय किती, याचे आकडे तिला हवे होते. मी दिले. आणि सांगितले, "पोरी, गुन्हा कोणी केला ते यात नाही. आमची जीप कुठे वळली ते आहे." ती केस मला एवढेच शिकवून गेली. गरीब चोरी करत नाही असे मी म्हणणार नाही. करतो, मी पकडलेही आहेत. पण बंगल्याच्या दारात जीप थांबली तर तिथेही सापडतात.

मुलीने त्या वर्षाच्या आकड्यावर बोट ठेवले. "ह्यात ती बाई आहे?"

"आहे," मी म्हणाले.

"आणि तो भाऊ?"

"तो कशातच नाही."