डाव्या खांद्यावरची पाकळी

खालच्या वाडीपर्यंत नळ न्यायचा की नाही, हे ठरवायला सरपंचांनी परवा देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या पाषाणमूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली.

"देवाक बजेट बरा कळता," मागून कुणीतरी पुटपुटलं.

खालच्या वाडीतली सुलभाकाकू माझ्या शेजारी होती. ओढ्यावरून पाणी वाहून तिची मान आखडली आहे. मी तिला म्हटलं, "काकू, हे सरपंचांचं काम. त्यांना विचार ना."

"सरपंचाशी भांडूक येता गो. देवाशी कोण भांडतलो?"

माझ्या लहानपणी आमच्या घरी चळवळीची पत्रकं छापली जायची. त्यांतल्या सत्तेला कायम एक चेहरा असायचा, बोट दाखवता येईल असा. जुन्या कथांतही पाऊस पडला नाही तर प्रजा राजाला जाब विचारायची. त्याचंच काहीतरी चुकलं असणार, असं मानायची. आभाळाचा दोषसुद्धा सिंहासनापर्यंत यायचा. इथे सिंहासनाचा दोष आभाळाकडे निघाला होता, आणि तिथून तो परत कोण आणणार?

गुरवाने देवाला घातलेलं गाऱ्हाणं संपवलं. "व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात म्हणाले. काकूही म्हणाली. मग पायरीवर ठेवलेला रिकामा हंडा उचलून ती ओढ्याच्या वाटेला लागली.