मार्गदर्शकाची पदवी

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक अख्खं सेमिस्टर बाहेर प्रत्यक्ष काम शिकण्यासाठी ठेवलंय आणि त्याचं लचांड माझ्या गळ्यात पडलंय. सुरुवातीला मात्र मला केवढा आनंद झाला होता! इतकी वर्षं मी इलेक्ट्रिकल शिकवतेय, आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांना घरातला पंखा उघडता येत नाही याची मला मनापासून लाज वाटायची.

आनंद कसला, डोंबलाचा! आमच्या शहरात दिलसुखनगर भागात क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत सही-शिक्क्यासकट पत्र विकत मिळतं, की अमुकने आमच्याकडे पूर्ण सेमिस्टर काम केलं. माझ्या चौदा पोरांच्या पत्रांवर एकाच माणसाची सही होती. कॉलेजच्या पोर्टलवर ती सगळी बिनबोभाट मंजूर झाली.

एक मुलगी तेवढी खरंच कामाला गेली. आदिलाबादकडची, घरात मराठी बोलणारी. कोठी बाजारातल्या एका गल्लीत पंख्या-पंपांच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून पुन्हा भरून देणारा एक म्हातारा मिस्त्री आहे, त्याच्याकडे. मी तपासणीला गेले तर ही जमिनीवर मांडी ठोकून तांब्याची तार गुंडाळत बसलेली, नखं काळी, कपाळावर वॉर्निश. मिस्त्री म्हणाला, "तीन बार खुलवाया मैडम, तब हाथ बैठा. अब इसकी भरी हुई मोटर वापस नै आती." तिने मला कुठली तार का जळते ते समजावून सांगितलं. मी वर्गात ते कधी इतकं नीट सांगितलेलं नाही. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला.

पोर्टलवर तिची माहिती भरायला बसले आणि एका रकान्याशी अडले. मार्गदर्शकाची पदवी. मिस्त्री सातवी शिकलेला. रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकेना. विभागप्रमुखांकडे गेले तर ते म्हणाले, "मॅडम, नियम मी केलेला नाही." या सेमिस्टरचे मार्क नसले तर तिला कॅम्पस इंटरव्ह्यूला बसता येणार नव्हतं. तिचे वडील त्या नोकरीकडे डोळे लावून बसलेले. मला भांडता आलं असतं. एरवी मी कँटीनच्या चहावरून भांडते! पण माझ्या प्रमोशनची फाइल त्याच टेबलावर पडली होती, आणि मी गप्प बाहेर आले.

"मग मी काय करू, मॅडम?" तिने विचारलं.

"पदवीवाल्या कुणाचं तरी पत्र आण बाई कुठून तरी," मी म्हटलं. कुठून ते तिला ठाऊक होतं. माझ्याकडे क्षणभर बघून ती गेली. चार दिवसांनी तेच ओळखीचं लेटरहेड घेऊन आली, टेबलावर ठेवलं, आणि मी सही केली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, काम कुणी शिकवलं? तिने त्या पत्रावरच्या माणसाचं नाव घेतलं. त्याला तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं. आवाज जरासुद्धा हलला नाही. परीक्षक खूश झाले. मी शेजारी बसून मार्क लिहून घेत होते, आणि मला स्वतःची इतकी शिसारी आली की पाणी प्यायच्या निमित्ताने उठले.

निकालाच्या दिवशी मिस्त्रीचा फोन आला. तपासणीच्या वेळी मीच नंबर दिला होता.

"पास हो गई ना मैडम, हमारी बच्ची?"

"हौ, अव्वल आई."

तो थोडा घुटमळला. "कॉलेज के कागज में मेरा नाम डाले क्या?"

"हौ," मी म्हटलं, "डाले."

त्याने फोन तसाच हातात धरून दुकानात कुणाला तरी ओरडून सांगितलं, की कॉलेजच्या कागदावर आपलं नाव लागलंय. पलीकडून कुणी तरी हसून मुबारक म्हणालं. मला सगळं ऐकू येत होतं.